कांदा अनुदान २०२३ : पट्टी वाटेकऱ्याची, सातबारा आमचा, मग पैसे कोणाचे?

गिरणाकाठ
सर्वांना सप्रेम नमस्कार. एका पाकिटाविषयी आपले मत हवे आहे. त्यात ९,८०० रुपये आहेत आणि ते वडिलांच्या हिशेबाच्या वहीत, कांद्याच्या पानात, तसेच पडून आहेत.

आमची जमीन नाशिक जिल्ह्यात गिरणेच्या खोऱ्यात आहे. त्यातली दोन एकर अकरा वर्षांपासून एकच कुटुंब अर्धेलीने करते. पाणी आणि मोटारीचे बिल आमचे, मेहनत त्यांची, रोप, खत आणि औषध निम्मे निम्मे, आणि माल निघाला की बांधावरच वाटणी, असा सगळा तोंडी व्यवहार आहे. २०२२ च्या दसऱ्यानंतर तेथे रांगडा म्हणजे लेट खरीप कांदा लावला. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये तो निघाला, तेव्हा भावाचे काय झाले होते हे येथे कोणाला सांगायला नको. त्याच फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून अधिक कांदा विकून, हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला होता. आमचा ११२ क्विंटल माल झाला. ५६ क्विंटलच्या पट्ट्या, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या पावत्या, वडिलांच्या नावाने फाटल्या आणि ५६ क्विंटलच्या वाटेकऱ्याच्या नावाने. सर्वांत चांगली पट्टी ६१० रुपये क्विंटलची होती, सर्वांत पडेल ३८० रुपयांची.

मार्चमध्ये शासनाने आधी ३०० आणि नंतर ३५० रुपये क्विंटल अनुदान जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला लेट खरीप लाल कांदा, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटल, आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, अशा अटी होत्या. सातबारा वडिलांचा आणि पट्टी मुलाची किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाची असेल, तर दोघांचे सहमतीचे शपथपत्र घेऊन पैसे सातबारा ज्याच्या नावे त्याच्या खात्यात जमा करायचे होते. वाटेकरी घरातला नव्हे. त्याचा अर्ज टेबलावरूनच परत आला. वडिलांना टप्प्याटप्प्याने ५६ क्विंटलचे १९,६०० रुपये मिळाले, त्याला काही मिळाले नाही. एकच वाफा, एकच रोप, एकच बाजार, आणि तोटाही सारखाच.

वडिलांनी त्यातले निम्मे पाकिटात घालून त्याच्या घरी नेले. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या पट्टीचे पैसे मी कसे घेऊ? माझ्या पट्टीचे आले असते तर घेतले असते." इकडे चुलते नाराज झाले. आज अनुदानात वाटा दिला तर उद्या जमिनीत वाटा मागायला पुरावा होतो, असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून पाकीट वहीत आहे.

माझा प्रश्न असा की, हे पैसे त्याचे आहेत की नाहीत? आणि ज्याच्या नावाची पट्टी आहे त्याला सोडून ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्यालाच पैसे देणारा नियम आपल्याला पटतो का?

उन्हाळकांदा
आमच्याकडे पट्टी माझी आणि सातबारा वडिलांचा, म्हणजे शपथपत्राचे प्रकरण. अर्ज मंजूर झाला, परंतु वडिलांचे बँक खाते वापर नसल्याने बंद पडलेले होते. ८१ वर्षांच्या माणसाला तीन वेळा बँकेत नेले. अंगठ्याचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते, म्हणून शेवटी डोळ्यांची पडताळणी करावी लागली. कांदा मी लावला, मी काढला, मी विकला, आणि मदत ज्यांच्या खात्यावर आली त्यांनी दहा वर्षांत बांध ओलांडलेला नाही. वडिलांचे पैसे ते माझेच, त्याविषयी तक्रार नाही. पण कसणारा कोण हे शासनाला माहीतच नाही, हे त्या तीन फेऱ्यांत समजले.

काळी माती
गिरणाकाठ, आपल्या वडिलांच्या मनाचा मोठेपणा मान्य करूनही मी वेगळे मत मांडतो. अर्धेलीत वाटणी मालाची होते. माल वाटला की व्यवहार संपला. पुढे कोणाला ६१० चा भाव मिळतो, कोणाला ३८० चा, हे ज्याचे त्याचे. चांगल्या भावाच्या वर्षी वाटेकऱ्याला आपल्यापेक्षा जास्त भाव मिळाला असता तर तो फरक आणून देता का? विहिरीचे कर्ज, मोटार जळाली तर तिचा खर्च, जमीन पडीक पडण्याची जोखीम मालकावर असते, तिची पट्टी कोणी फाडत नाही.

मला खरा राग येतो तो साडेतीनशेच्या आकड्याचा. २०१६ मध्ये जुलै-ऑगस्टच्या कांद्याला १०० रुपये क्विंटल दिले. २०१८ मध्ये २०० रुपये दिले. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले, तेव्हाची ही गोष्ट. २०२३ मध्ये ३५०. तिन्ही वेळा मर्यादा २०० क्विंटलचीच. म्हणजे जास्तीत जास्त मदत २० हजार, मग ४० हजार, मग ७० हजार. दर वेळी बाजार पडतो, आंदोलन होते, अधिवेशनात घोषणा होते, आणि पैसे यायला पुढचा कांदा लावायची वेळ येते. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पायी निघालेल्या शेतकऱ्यांची मागणी ६०० रुपयांची होती. निम्म्याच्या आसपास मिळाले आणि त्याची वाटणी कशी करायची यावर आपण बोलत बसलो आहोत.

माहेरवाशीण
काळी माती यांचा राग समजतो, पण वाटणीचा प्रश्न छोटा आहे असे मला वाटत नाही.

माझ्या सासरी सव्वातीन एकर सासऱ्यांच्या नावे आहे. नवरा कारखान्यात नोकरीला. रोप टाकण्यापासून गोणी शिवण्यापर्यंत सगळे मी आणि जाऊबाई करतो. थंडीत ओल्या सरीत दिवसभर वाकून लागण केली की रात्री बोटे मिटत नाहीत, पेला धरता येत नाही. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा करणे, पात कापणे, साठवणीच्या चाळीत कांदा पसरणे, यांतले एकही काम पुरुषांच्या हातचे नाही. २०२३ चे अनुदान आले, तेव्हा घरात ही बातमी मला शेजारणीने सांगितली. सासऱ्यांनी पैसे वाईट मार्गाला लावले असे नाही, खताची उधारी फेडली. पण माझ्या नावावर ना सातबारा, ना पट्टी. वाटेकऱ्याकडे निदान पट्टी तरी आहे.

गिरणाकाठ, त्या माणसाची बायको काय म्हणते, हे कोणी विचारले का?

आठ अ
त्या शेताची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून होणारी पिकाची सरकारी नोंद, कोणी केली होती? त्यावर बरेच अवलंबून आहे.

गिरणाकाठ
आठ अ, पाहणी माझ्या मोबाइलवरून मीच केली. फोटो काढताना वाफ्यात वाटेकऱ्याचा मुलगा उभा होता, तो फोटोतही आला आहे. माहेरवाशीण, नाही विचारले. आपण लिहिल्यावर लक्षात आले की आम्ही तिघे पुरुषच या पाकिटावर बोलत आहोत. विचारतो.

गाव नमुना
मी महसूल खात्यात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून चुलत्यांच्या भीतीविषयी आधी लिहितो, कारण ती भीती पोकळ नाही.

१९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. घरातली व्यक्ती, मजुरीवरचा माणूस आणि ताबेगहाणदार एवढेच त्यातून वगळलेले आहेत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक झाले असे कायद्याने मानले. पुढे लागलेल्या कुळांसाठी कलम ३२-ओ आहे. या कायद्याने लाखो कुटुंबे उभी राहिली, त्यात माझेही एक. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, त्यानंतर कोणताही मालक वाटेकऱ्याचे नाव कागदावर येऊ देईना. पूर्वी सातबाऱ्याच्या पीकपाहणीत जमीन कसणाऱ्याच्या नावाचा रकाना असे. मालकाशिवाय दुसऱ्याची वहिवाट आढळली तर तिच्यासाठी गाव नमुना ७-ब आहे. माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, वाट्याने होणारी जमीन भरपूर होती, पण माझ्या सबंध नोकरीत ७-ब साठी स्वतःहून आलेले मालक मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन.

म्हणजे गावात ज्याला सगळे ओळखतात तो शेतकरी कागदावर नसतो. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये आणि त्याच धर्तीवरचे राज्याचे ६,००० रुपये हेही जमीनधारक कुटुंबालाच मिळतात. कांदा अनुदान मात्र वेगळ्या जातीचे होते. ते जमिनीवर नव्हते, विकलेल्या क्विंटलवर होते. तोटा ज्याच्या पट्टीत दिसतो त्याला भरपाई, हा त्याचा पाया. पाया पट्टीचा आणि पैसे सातबाऱ्याला, ही विसंगती तेथे शिरली.

आणि एक गोष्ट मला अजून बोचते. ई-पीक पाहणीत नोंद नसलेल्यांचा प्रश्न आला, तेव्हा गावपातळीवरच्या समितीने खातरजमा करावी, असा मार्ग काढला गेला. तो योग्यच होता. रांगड्याची लागण खरीप आणि रब्बीच्या सांध्यावर होते, कित्येकांची नोंद हुकली होती. पण या शेतात कांदा होता का, एवढेच त्या समितीने पाहायचे होते. तो कोणी लावला, हा दुसरा प्रश्न त्याच पारावर, त्याच माणसांना विचारता आला असता. गावाला ते ठाऊक असते.

काळी माती
गाव नमुना, जमीन आणि क्विंटल यांतला फरक आपण दाखवलात तो मी लक्षात घेतला नव्हता. तेवढा मुद्दा मागे घेतो. आकड्याचा मुद्दा कायम.

मक्याच्या देशात
मी अमेरिकेत इलिनॉय राज्यातील मॅक्लीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) राहतो. नोकरी संगणकाची आहे, पण गावाबाहेर पाच मिनिटे गाडी नेली की क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. माझ्या एका सहकाऱ्याचे कुटुंब तेथेच शेती करते, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी हे प्रकरण समजून घेतले आहे, म्हणून लिहितो.

आपल्याला आश्चर्य वाटेल, पण मध्य इलिनॉयमध्ये अर्धेली आहे. जमीन एकाची, कसणारा दुसरा, बियाणे-खत निम्मे, पीक निम्मे. शहरात राहणारे वारसदार जमीनमालक आणि तीन-चार मालकांची जमीन कसणारा एक शेतकरी, हे तेथे नेहमीचे चित्र आहे. मदतीचा नियम असा की, करार वाट्याचा असेल तर सरकारी रक्कमही त्याच वाट्याने दोघांना मिळते. करार रोख खंडाचा, म्हणजे ठरलेल्या भाड्याचा, असेल तर पिकाची जोखीम कसणाऱ्याची, म्हणून रक्कम त्याची. कोणत्या शेतात काय पेरले याची नोंद कसणारा स्वतः कृषी खात्याच्या काउंटी कार्यालयात जाऊन करतो. मका-सोयाबीनसाठी मुदत १५ जुलै. त्या कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते.

चीनशी व्यापारयुद्ध सुरू झाल्यावर २०१८ मध्ये सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल हे तिकडचे धान्याचे माप) १ डॉलर ६५ सेंट दिले. ते आपल्या कांदा अनुदानासारखेच होते, जेवढे पिकले तेवढ्यावर. २०१९ मध्ये पद्धत बदलून प्रत्येक काउंटीचा एकरी दर ठरवला, १५ ते १५० डॉलर. मग रस्त्याच्या अलीकडची काउंटी आणि पलीकडची काउंटी यांच्या दरात फरक का, यावर तेथील शेतकरी एकमेकांशी भांडले.

सगळे आलबेल आहे असे नाही. नेहमीच्या योजनांतील रक्कम जुन्या नोंदींवरून ठरलेल्या पायाभूत एकरांवर मिळते, आज त्या शेतात काय उभे आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. आणि मदत कसणाऱ्याच्या हाती पडली तरी पुढच्या करारात खंड वाढतो आणि ती हळूहळू मालकाकडे सरकते, हे सहकाऱ्याच्या वडिलांनीच मला सांगितले. पण वाटेकऱ्याचा अर्ज टेबलावरून परत जात नाही. त्याचे नाव कागदावर असते आणि तेवढ्याने मालकाची झोप उडत नाही.

गोदातीर
व्यापारयुद्धाचा उल्लेख आला म्हणून एक जोडतो. ३१ मार्च २०२३ नंतर विकलेल्या कांद्याला हे अनुदान नव्हते. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला जरा भाव येऊ लागला, तोच १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली. ती मे २०२४ पर्यंत उठली नाही, आणि उठल्यावरही शुल्क होते. ते पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. अमेरिकेने स्वतःच्या धोरणाने भाव पाडले आणि निदान त्या कारणाचे नाव घेऊन पैसे दिले. आमच्या चाळीतला कांदा ज्या निर्णयाने पडला, त्या निर्णयाची भरपाई हा विषयच निघाला नाही. वाटेकऱ्याच्या निम्म्या चाळीचेही तेच झाले.

हैदराबादकर
नोकरीनिमित्त तेलंगणात असल्याने तेथला अनुभव. मे २०१८ मध्ये रयतु बंधू योजना सुरू झाली, एकरी हंगामाला ४,००० रुपये, पुढे ५,०००. पट्टेदार पासबुक, म्हणजे जमीनमालकीची पुस्तिका, ज्याची, पैसे त्याचे होते. खंडकऱ्याला काही नव्हते. मी ज्यांच्या घरात भाड्याने राहतो त्यांची जमीन करणारा खंडकरी मला म्हणाला होता की, मालकाला पैसे आले ते मला गावातल्या फटाक्यांवरून कळले. ओडिशाच्या कालिया योजनेत मात्र वाटेकरी आणि भूमिहीनही घेतले होते, आणि आंध्रने २०१९ मध्ये पीक करणाऱ्याला अकरा महिन्यांचे हक्कपत्र देणारा कायदा केला. त्या हक्कपत्राने जमिनीवर हक्क येत नाही, फक्त पीककर्ज, विमा आणि भरपाई यांना ते चालते. चुलत्यांच्या भीतीवर उपाय हवा असेल तर तो या वाटेने आहे.

भावांतर, म्हणजे ठरवलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकारने द्यायचा, हा उपाय कोणी सुचवील म्हणून एक सावधगिरीची सूचना. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये भावांतर योजना आली तेव्हा, फरक सरकार देणारच आहे म्हणून व्यापाऱ्यांनी बोली खाली आणल्याच्या तक्रारी सर्वत्र झाल्या.

उन्हाळकांदा
हैदराबादकर, ते अकरा महिन्यांचे हक्कपत्र मालकाच्या सहीशिवाय मिळते का?

हैदराबादकर
नाही, मालकाची सही लागते, आणि तेथेच ते अडते. सही द्यायला मालक राजी नसतात, तेव्हा कसणारा पुन्हा कागदाबाहेर राहतो. तरीही ज्यांना मिळाले त्यांना पीककर्जाचे दार उघडले.

गाव नमुना
म्हणजे सही हा खरा अडसर आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला, त्यात मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळावी अशी रचना होती. आपल्या राज्यात प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक देण्याचे काम सुरू झाले, पण तो क्रमांकही जमिनीच्या नोंदीशीच जोडला आहे. आता सुधारणा केली नाही तर वाटेकरी जुन्या कागदांतून जसा बाहेर राहिला तसा नव्या यंत्रणेतूनही राहील. गिरणाकाठ, आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की, कायद्याने ते पैसे आपल्या वडिलांचे आहेत. त्याच्या ५६ क्विंटलचे १९,६०० रुपये त्याला शासनाने द्यायला हवे होते. वडिलांनी पुढे केलेले ९,८०० हे शासनाच्या चुकीतला आपला वाटा उचलणे आहे. उचलावा असे मला वाटते.

गिरणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हा सगळा धागा वडिलांना आणि चुलत्यांना मोठ्याने वाचून दाखवला. इलिनॉयमध्ये अर्धेली आहे हे ऐकून वडिलांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला.

माहेरवाशीण, आज सकाळी वाटेकऱ्याकडे गेलो तेव्हा वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "पाकीट परत गेलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्या साली पोरीच्या फीसाठी मी दोन महिने दुसऱ्याच्या कांद्याला कापणीला गेले." नवरा खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या जुन्या पट्ट्या त्यांनीच जपून ठेवल्या आहेत, औषधाच्या रिकाम्या खोक्यात, एकावर एक, सुतळीने बांधून. त्या सालच्या सहाही पट्ट्या मिळाल्या. शाई उडत चालली आहे, पण क्विंटल वाचता येतात.

रोख घ्यायला तो आजही तयार नव्हता. शेवटी ठरले ते असे की, यंदाच्या रांगड्याच्या रोपाचा आणि खताचा त्याच्या वाट्याचा खर्च या ९,८०० मधून जायचा, आणि उरतील ते वहिनींच्या हातात द्यायचे. वडिलांनी लगेच वही काढली आणि त्या पानावर त्याच्या नावापुढे जमेच्या बाजूला रक्कम लिहिली, खाली दोघांच्या सह्या केल्या. चुलते बसून होते. सही करताना त्यांनी अडवले नाही.

७-ब ला मात्र वडील तयार झालेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. गाव नमुना, आंध्रसारखे हक्कपत्र आपल्याकडे आले तर सही करीन, असे ते म्हणाले. मी त्या सहा पट्ट्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. या वेळची ई-पीक पाहणी करायला वाटेकऱ्याच्या मुलाला मोबाइल घेऊन सोबत नेणार आहे.